एमडीआर टीबी: निपाणी, बेळगाव, खानापूर भागातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी निपाणीची. माझ्या धाकट्या भावाला २०१६ मध्ये एमडीआर टीबी झाला आणि त्याचा उपचार दोन वर्षांहून जास्त चालला. तेव्हापासून ओळखीच्यांचे, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे फोन येत राहिले. "ताई, रिपोर्ट आलाय, वाचून सांगा की." मी डॉक्टर नव्हे. रांगेत उभं राहून, रिपोर्ट वाचून आणि टीबी विभागातल्या माणसांना विचारून विचारून जे कळलं तेवढंच इथं लिहिलंय. गोळी बदलायची, वाढवायची की थांबवायची, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

साधा टीबी आणि एमडीआर टीबी यात फरक काय?

टीबीच्या उपचाराचे दोन मुख्य खांब म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. जंतू या दोन्हींना दाद देत नसतील तर तो एमडीआर. नुसत्या रिफाम्पिसिनला दाद देत नसतील तरी उपचार एमडीआरसारखाच होतो. त्यावर लिव्होफ्लॉक्सासिन-मॉक्सिफ्लॉक्सासिन हा गटही चालेनासा झाला तर प्री-एक्सडीआर म्हणतात. आणि बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांपैकी एखादंही निकामी झालं तर एक्सडीआर. या व्याख्या २०२१ पासूनच्या आहेत. जुन्या फाईलवरचा 'एक्सडीआर' शब्द वेगळ्या अर्थाचा असू शकतो.

फक्त आयसोनियाझिड चालत नसेल तर प्रकरण बरंच सौम्य असतं. औषधं बदलतात, पण कोर्स साधारण सहा महिन्यांचाच राहतो. म्हणून कुणी नुसतं 'डीआर टीबी' (कोणत्यातरी औषधाला दाद न देणारा टीबी) म्हटलं की लगेच रडारड करू नका. कोणत्या औषधापुढे 'रेझिस्टंट' लिहिलंय ते आधी बघा.

आम्ही कधी गोळ्या चुकवल्याच नाहीत. पहिल्यांदाच टीबी झाला आणि थेट एमडीआर? हे कसं?

हा प्रश्न विचारताना घरच्यांचा आवाज दुखावलेला असतो, कारण दवाखान्यात कुणीतरी "गोळ्या नीट खाल्ल्या नसतील" असं बोलून गेलेलं असतं. जंतू मुळातच निर्ढावलेले असू शकतात. शेजारच्या खाटेवरचा, मागावर शेजारी बसणारा, टोळीतला कुणी एमडीआरचा रुग्ण खोकत होता आणि तेच जंतू तुमच्या छातीत आले, इतकंच. भारतात २०१४ ते २०१६ दरम्यान औषध-प्रतिरोधाची देशव्यापी पाहणी झाली. तिच्यात नव्या रुग्णांपैकी २.८४% जणांना एमडीआर होता आणि आधी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६२% जणांना. दुसरा आकडा मोठा दिसतो, पण नवे रुग्ण संख्येनं कितीतरी जास्त असतात. त्यामुळे काही न चुकवता एमडीआर झालेले लोक थोडेथोडके नसतात.

अर्धवट उपचारानं प्रतिरोध वाढतो हेही खरंच. माझ्या भावाला सुरुवातीचे दोन महिने एका दवाखान्यात खोकल्याचं औषध आणि मधूनमधून कडक अँटिबायोटिक मिळत राहिलं. बेडका तपासायला कुणीच सांगितलं नाही.

नक्की किती जण बरे होतात? खरं सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१२ मध्ये उपचार सुरू केलेल्या एमडीआर रुग्णांपैकी जेमतेम निम्मे यशस्वी ठरले होते. २०२१ मध्ये सुरू केलेल्यांपैकी ६८% यशस्वी ठरले. साध्या टीबीत हाच आकडा ८८% च्या आसपास आहे.

हा आकडा वाचायची एक रीत आहे. "शंभरातले ६८ बरे" म्हटलं की उरलेले ३२ मेले असं आपण मनातल्या मनात धरतो. तसं नसतं. त्या ३२ मध्ये मृत्यू आहेत, औषध लागू न पडलेले आहेत, मधेच उपचार सोडून गेलेले आहेत, आणि ज्यांचं पुढं काय झालं याची नोंदच नाही असेही आहेत. शेवटच्या दोन गटांतली काही माणसं आज धडधाकट फिरत असतील. काही आपल्या गावी गुपचूप वारलीही असतील. कागदावर ती सगळी एकाच बाजूला मोजली जातात.

निकाल नुसता औषधाच्या ताकदीवर ठरत नाही. वजन किती घटलेलं होतं, आधी किती वेळा अर्धवट औषध खाल्लं होतं, मॉक्सिफ्लॉक्सासिनचा गट चालतो की नाही, एचआयव्ही किंवा साखर (मधुमेह) आहे का, दारू किती, आणि निदान किती उशिरा झालं, या सगळ्याचा वाटा असतो. यातल्या निम्म्या गोष्टी बदलता येतात. फोनवर मी वेळ त्यांच्यावरच घालवते.

कार्डावर 'उपचार पूर्ण' लिहिलंय, 'बरा झाला' असं नाही. म्हणजे टीबी राहिलाय का?

नाही. 'बरा झाला' लिहायला पुरावा लागतो. कोर्स पूर्ण झाला पाहिजे आणि बेडक्याचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आल्याचे रिपोर्ट हाताशी हवेत. निदान सात दिवसांच्या अंतरानं घेतलेले लागोपाठ दोन नमुने निगेटिव्ह आले तर जंतू हटले असं धरतात. शेवटी शेवटी रुग्णाला बेडकाच येत नाही, किंवा नमुना नुसता लाळेचा निघतो, किंवा प्रयोगशाळेतून रिपोर्ट येतच नाही. मग तब्येत ठणठणीत असली तरी 'उपचार पूर्ण' असंच लिहावं लागतं. दोन्हींची गणना यशातच होते.

'अयशस्वी' म्हणजे औषधांची जोडणी बंद करावी लागली किंवा कायमची बदलावी लागली. कारण जंतू जात नव्हते, नवा प्रतिरोध दिसला किंवा त्रास सोसवेना. यातही माणूस संपलेला नसतो. नवी जोडणी सुरू होते आणि तो नव्यानं मोजला जातो. राहिला 'लॉस्ट टू फॉलोअप'. आपल्याकडे त्याला सरळ 'सुटला' म्हणतात. जागतिक व्याख्येत लागोपाठ दोन महिने किंवा जास्त खंड पडला की हा शिक्का बसतो. सीमाभागात हाच शिक्का सगळ्यात फसवा. त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलंय.

सहा महिन्यांत एमडीआर बरा होतो म्हणतात. खरं की अफवा?

खरं आहे. चार औषधांची जोडणी आहे: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. तिला बीपाल-एम म्हणतात. कोर्स २६ आठवड्यांचा, सगळ्या गोळ्या, सुई एकही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२२ मध्ये तिची शिफारस केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं ती आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायला मंजुरी दिली.

बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तानमध्ये झालेल्या एका चाचणीत ही जोडणी घेणाऱ्यांपैकी ८९% जणांचा निकाल चांगला आला. त्याच वेळी जुना लांबलचक उपचार घेणाऱ्यांत तो ५२% होता. अर्थात चाचणीतल्या रुग्णाच्या मागं अख्खी टीम असते. खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून दर महिन्याला ईसीजीसाठी यायचं असेल तर आकडा तसाच येईल, अशी हमी मी देणार नाही.

मग माझ्या नवऱ्याला अठरा महिने का सांगितलेत?

कारण बीपाल-एम सगळ्यांना चालत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ती देत नाहीत. मेंदूच्या किंवा हाडांच्या टीबीतही दुसरा मार्ग धरतात. बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड आधीच निकामी असेल तरीही तसंच. अशांसाठी नऊ ते अकरा महिन्यांची किंवा अठरा ते वीस महिन्यांची जोडणी असते. तीही आता तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचीच आहे. "आपल्याला जुनं औषध देऊन टाकलं" असा संशय मनात ठेवू नका. बीपाल-एम का नाही, हे डॉक्टरांना सरळ विचारा. कारण असतंच, आणि ते ऐकून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

बेडक्याची तपासणी किती वेळा? एका रिपोर्टला दोन तास आणि दुसऱ्याला दोन महिने, असं का?

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्र जंतूचा जनुकीय माग काढतं आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही हे काही तासांत सांगतं. त्यातलं ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. कल्चरमध्ये मात्र जंतू प्रत्यक्ष वाढवावे लागतात आणि टीबीचा जंतू भारी सुस्त. द्रव माध्यमात सहा आठवडे, घट्ट माध्यमात आठ आठवडे वाट बघतात. मधला एक प्रकार आहे, लाइन प्रोब. तो काही दिवसांत आणखी औषधांची माहिती देतो.

उपचार चालू असताना दर महिन्याचं कल्चर चुकवू नका. निकाल पालटतोय की नाही हे सगळ्यात आधी तिथंच कळतं. सीबीनॅट पुन्हा करून "बरा झाला का?" हे बघता येत नाही, कारण ते मेलेल्या जंतूचाही माग दाखवतं. नमुना सकाळी उठल्या उठल्या, गुळणा करून, छातीच्या तळातून खोकून काढायचा. लाळ नको.

गोळ्यांनी त्रास होतो. कोणता सोसायचा आणि कोणत्यासाठी धावत जायचं?

उलटी, मळमळ, तोंडाला चव नसणं, हे पहिल्या महिन्यात बहुतेकांना होतं आणि कमी होत जातं. बेडाक्विलिन आणि प्रेटोमॅनिड जेवणाबरोबरच घ्यायच्या. रिकाम्या पोटी बेडाक्विलिन अंगात निम्मंच मुरतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेताना मात्र दूध, रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं पांढरं औषध काही तास लांब ठेवा. ही चूक घरोघरी होते. आई प्रेमानं गोळीबरोबर पेलाभर दूध देते आणि गोळीचा गुण कमी होऊ शकतो.

सगळ्यात जास्त लक्ष लिनेझोलिडवर. पायांच्या बोटांना मुंग्या येणं, तळव्याला जळजळ, चप्पल निसटली तरी न कळणं, म्हणजे नसांना इजा सुरू झालीय. जुन्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम द्यायचे तेव्हा हा त्रास पाचातल्या चौघांना झाला होता. आता डोस ६०० वर आणलाय आणि त्या डोसाच्या पुढच्या चाचणीत तो साधारण चौघांतल्या एकाला झाला. तेव्हा कमी झाला, पण संपला नाही. हेच औषध रक्त कमी करतं आणि डोळ्याच्या नसेलाही धरू शकतं. लाल-हिरवा रंग फिका वाटायला लागला, मोबाईलवरची अक्षरं धूसर दिसायला लागली, तर महिन्याच्या तारखेची वाट न बघता जा. वेळेवर डोस कमी केला किंवा थांबवला तर नजर वाचते. लपवून ठेवलं तर परत येईलच असं नाही. लिनेझोलिड चालू असताना मन उदास असल्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा, दोन्हींचं जमत नाही.

बेडाक्विलिन हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतं, म्हणून ईसीजी. छाती धडधडून डोळ्यांपुढं अंधारी आली तर थांबू नका. डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली तर यकृताला त्रास होतोय. सायक्लोसेरिन चालू असेल आणि माणूस विचित्र बोलायला लागला, रात्ररात्र जागायला लागला, जीव नकोसा झाला म्हणाला, तर "भूतबाधा झाली" म्हणत बसू नका. ते गोळीचं असू शकतं.

क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते. हे जिवाला धोक्याचं नाही आणि कोर्स संपल्यावर हळूहळू उजळतं. पण लग्नाच्या मुलीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. चिकोडी भागातल्या एका मुलीनं फक्त या कारणासाठी औषध बंद केलं होतं. तिला कुणी आधी सांगितलं असतं की रंग परत येतो, तर ती थांबली नसती असं मला अजून वाटतं.

आधी सुया द्यायचे. कान जातात म्हणे. अजून देतात का?

माझ्या भावाला सहा महिने कॅनामायसिनच्या सुया होत्या, रविवार सोडून रोज. चौथ्या महिन्यात तो टीव्हीचा आवाज वाढवायला लागला. आम्ही म्हटलं, लक्ष नसतं पोराचं. कानाची तपासणी झाली तोवर उजव्या कानाचं बरंच गेलं होतं आणि गेलेलं ते परत येत नाही. २०१८ पासून जागतिक शिफारशीत कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन नकोत असंच आहे, आणि आपल्याकडेही उपचार गोळ्यांवर आला. सुयांची जागा मुख्यतः बेडाक्विलिननं घेतली.

याला जोडून एक गोष्ट सांगायला मला आवडते. बेडाक्विलिनचं पेटंट २०२३ पर्यंत होतं आणि ते पुढं ताणायचा कंपनीचा अर्ज होता. त्याला हरकत घेणाऱ्या दोघी जणी टीबीतून उठलेल्या होत्या, मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले. दोघींची श्रवणशक्ती टीबीच्या औषधानंच गेलेली. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं तो अर्ज फेटाळला.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातले, काम इचलकरंजीला किंवा गोव्यात. औषध कुठून घ्यायचं?

सगळ्यात जास्त फोन या प्रश्नाचे आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथंच.

आपला रुग्ण एका जागी बसत नाही. निपाणीचा पोरगा इचलकरंजीच्या मागावर, खानापूर-जांबोटीकडचा चोर्ला घाट उतरून गोव्यात बांधकामावर, अथणी-कागवाडचा मिरजेत, हंगाम लागला की ऊसतोडीची टोळी कारखान्यामागं. उलट चंदगड, गडहिंग्लजचे लोक तपासायला बेळगावात येतात. निदान एका राज्यात, घर दुसऱ्यात, पगार तिसऱ्यात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे "डॉक्टरांनी सांगितलंय, येत नाही" असं म्हणायची सोय नसते.

प्रत्येक रुग्णाची निक्षय नावाच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद होते आणि एक आयडी मिळतो. ही नोंदवही अख्ख्या देशाची एकच आहे, कर्नाटकाची वेगळी आणि महाराष्ट्राची वेगळी असं नाही. त्यामुळे नोंद एका केंद्राकडून दुसऱ्याकडं पाठवता येते, राज्य बदललं तरी. पण ती आपोआप जात नाही. पाठवणाऱ्यानं पाठवली पाहिजे आणि तिकडच्यानं स्वीकारली पाहिजे. तुम्ही न सांगता गेलात तर इकडं तुमच्या नावापुढं खंड दिसायला लागतो आणि तिकडं तुम्ही कुणीच नसता.

म्हणून जाण्याच्या निदान आठवडाभर आधी आशाताईंना किंवा टीबी सुपरवायझरना सांगा: कुठं जाणार, किती दिवस, तिथला फोन. निघताना जवळ आयडी, औषधाचं कार्ड, प्रतिरोधाचा रिपोर्ट, शेवटचा ईसीजी आणि रक्ताचा रिपोर्ट ठेवा. सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवा, कारण टोळीत फोन हरवतात. पुढचं केंद्र औषध सुरू करेपर्यंत पुरेल एवढ्या गोळ्या मागून घ्या. एमडीआरच्या गोळ्या दुकानात सहज मिळत नाहीत, "तिकडं घेऊ विकत" हा विचार सोडा. अडचण आली तर निक्षयचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६.

माझा भाऊ दुखणं अर्ध्यावर असतानाच इचलकरंजीला मागावर परत गेला, कारण घरात दुसरी कमाई नव्हती. नोंद पाठवणं वगैरे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. आई दर सोमवारी निपाणीहून गोळ्या घेऊन बसनं जायची, त्याला समोर खायला लावायची आणि पुढच्या आठवड्याच्या देऊन परतायची. इकडं आमच्या केंद्रात मात्र त्याला 'सुटला' ठरवायची तयारी चालली होती. कारण घरी येऊन बघणाऱ्याला तो दोनदा सापडला नव्हता. आईनं रिकामी पाकिटं नेऊन टेबलावर ओतली तेव्हा विषय संपला.

कार्ड कन्नडमध्ये आहे, आम्हाला वाचता येत नाही.

भाषेचा वाद इथं बाजूला ठेवा. गोळ्या देणाऱ्यांकडून तोंडी समजून घ्या आणि वहीत आपल्या हातानं मराठीत उतरवा: गोळीचं नाव, रंग, किती, कधी. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज असतं आणि मग आठवड्यातून तीनदा. चूक होते ती इथंच. आठवड्याचे तीन वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा. बहुतेक आशाताईंना दोन्ही भाषा येतात, त्यांच्याकडून वही एकदा तपासून घ्या.

तीन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं. आता थांबवलं तर?

जंतू कमी झालेत, संपलेले नाहीत. जे उरलेत ते सगळ्यात चिवट. बेडाक्विलिन अंगातून निघायला महिनोन्महिने लागतात. मधेच सगळं थांबवलं की बाकीची औषधं लवकर निघून जातात आणि ते एकटंच थोड्या प्रमाणात मागं राहतं. एका औषधाशी एकटं झुंजताना जंतू त्यालाही पचवायला शिकतो. मग पुढच्या खेपेला हातात काय उरणार?

दीड महिना खंड पडलाय. आता गेलं तर ओरडतील.

ओरडतील कदाचित. तरी जा. खंड किती दिवसांचा आणि कोणत्या टप्प्यावर, यावर पुढचं ठरतं. कधी राहिलेलं पुढं चालू करतात, कधी पुन्हा तपासणी करून नव्यानं. घरात उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनानं परत सुरू करू नका. आणि खंडाचं खरं कारण सांगा. दारू होती, काम होतं, उलट्या होत होत्या, नवऱ्यानं पैसे दिले नाहीत, जे असेल ते. कारण कळलं तर त्यावर काही करता येतं.

खायला काय द्यायचं? सरकार पैसे देतं म्हणतात ते खरं का?

निक्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. थेट बँक खात्यात. खातं आधारशी जोडलेलं नसेल किंवा बंद पडलेलं असेल तर पैसे अडकतात, म्हणून पासबुक पहिल्या आठवड्यातच दाखवा. निक्षय मित्र म्हणून कुणी व्यक्ती किंवा संस्था शिध्याची टोपलीही देते. ती मागायला लाजू नका.

खाणं हा औषधाचाच भाग आहे. झारखंडात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रुग्णांना शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५% वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी दिसला. ते रुग्ण बहुतेक साध्या टीबीचे होते, पण वजनाचं गणित इथंही तेच सांगतं. महाग पावडर नको. जोंधळ्याची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, अंडी, उसळ, जमेल तेव्हा मासे-मटण. भूक नसेल तर थोडं थोडं पाच वेळा. महिन्याला वजन करून वहीत लिहा.

तंबाखू, दारू, साखर यांचं काय?

साखर ताब्यात नसेल तर औषध चांगलं असूनही निकाल बिघडतो, म्हणून ती सुरुवातीलाच तपासतात. दारूनं यकृतावर दुहेरी ओझं पडतं आणि माणूस गोळ्याही चुकवतो. आणि तंबाखू! निपाणीत राहून मी यावर काय बोलू. वखारीत आयुष्य घालवलेल्या बायका मला विचारतात, "धूळ छातीत बसून टीबी होतो काय गं?" टीबी जंतूनंच होतो. पण तंबाखू ओढणं आणि फौंड्रीतली, दगडखाणीतली बारीक सिलिकाची धूळ छाती दुबळी करतात. उद्यमबागेच्या फौंड्रीत काम करणाऱ्यानं आपलं काम कोणतं ते डॉक्टरांना नक्की सांगावं.

घरातल्या बाकीच्यांना? लहान पोरं आहेत.

सगळ्यांची तपासणी करून घ्या, खोकला असो नसो. टीबी नाही अशी खात्री झाल्यावर जवळच्यांना प्रतिबंधक औषध देता येतं. एमडीआरच्या घरात ते सहसा सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिन असतं. रुग्णाचा प्रतिरोध बघून डॉक्टर ठरवतात. लागू पडणारं औषध सुरू झालं की संसर्गाचा धोका झपाट्यानं उतरतो. तोवर मास्क, उघड्या खिडक्या आणि झोपायला वेगळी जागा. ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही, टीबी उष्ट्यानं पसरत नाही. तरी घरोघरी ती पहिली वेगळी होते.

मिरजेला नेऊ का?

आपल्या भागात आजार मोठा झाला की 'मिरजेला न्या' हे आजी-आजोबांपासूनचं उत्तर. वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियमची आठवण काढणारे म्हातारे अजून भेटतात. न्यायला हरकत नाही. पण औषधं तीच आहेत, आणि ती सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात. खाजगी डॉक्टरांकडं उपचार घेतलात तरी त्यांनी तुमची निक्षयमध्ये नोंद करणं कायद्यानं बंधनकारक आहे. मधेच डॉक्टर बदललात तर जुना प्रतिरोधाचा रिपोर्ट बरोबर न्या. नाहीतर सगळं पहिल्यापासून, आणि दोन महिने फुकट.

अंगारा, काढा, देवाचं केलं तर चालेल?

यल्लम्माला जा, मायाक्काला जा. गोळ्या पिशवीत ठेवून जा. काढ्याबद्दल डॉक्टरांना सांगा, काही झाडपाला यकृताला सोसत नाही.

पेशंटला कधी तातडीनं न्यायचं?

तोंडातून रक्त, बसल्या जागी धाप, ताप उतरत नसणं, उठून उभं राहता न येणं, काहीच पोटात न टिकणं. पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. खंगलेल्या अवस्थेत उपचार सुरू झालेले रुग्ण याच काळात जास्त दगावतात. "औषध सुरू झालंय ना, आता बघू" असं म्हणत घरी ठेवू नका.

कोर्स संपला. आता सुट्टी?

सहा-सहा महिन्यांनी दोन वर्षं तपासणी असते: ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी. बरेच जण पहिलीलाच जातात आणि मग जात नाहीत. परत खोकला आला, वजन उतरायला लागलं तर तारखेची वाट न बघता बेडका द्या. शिवाय जंतू गेले तरी फुप्फुसावरचा व्रण राहतो. जिना चढताना दम लागतो, ऊस तोडायचं काम पूर्वीसारखं होत नाही. तो टीबी परत आलेला नसतो, पण त्यालाही उपाय असतात: श्वासाचे व्यायाम, पंप, हलकं काम. एक्स-रेवर जन्मभर डाग दिसेल. पुढं कधी नोकरीच्या तपासणीत अडवलं तर दाखवायला उपचार संपल्याचं पत्र जपून ठेवा.

तुमचा भाऊ आता कसा आहे?

चांगला आहे. मागाचं काम सोडलं, निपाणीतच एका किराणा दुकानात बसतो. दोन वर्षांच्या चारही तपासण्या झाल्या, चारही निगेटिव्ह. त्याच्या कार्डावर 'उपचार पूर्ण' आहे, 'बरा झाला' नाही, कारण शेवटच्या महिन्यांत त्याला बेडकाच येत नव्हता. गिऱ्हाईक उजव्या बाजूनं बोललं तर अजूनही मान वळवून "काय म्हटलासा?" विचारतो.